आवाज ते मन्हा शे, पन मी कोठे शे?

आपल्या हॉस्टेलवर दोन प्रकारच्या माणसांना शांतता लाभत नाही. एक, ज्याच्याकडे इस्त्री आहे तो आणि दुसरा, ज्याच्याकडे कॅमेरा आहे तो. दुर्दैवाने माझ्याकडे दोन्ही आहेत. त्यामुळे दिवसातून चार वेळा तरी दारावर थाप पडते. इस्त्रीवाल्यांचा प्रश्न सोपा असतो, "भाऊ, तापलेली आहे का?" कॅमेऱ्यावाल्यांचा प्रश्न मात्र गेल्या दोन वर्षांत बदलला आहे. आधी सगळे म्हणायचे, "एक मस्त डीपी काढ ना यार." आता ज्याला त्याला व्हिडिओ करायचा असतो. कुणाला यूट्यूब चॅनल काढायचंय, कुणाला गावच्या यात्रेवर फिल्म करायचीय. मग प्रश्न येतो, "बजेट कमी आहे. लेन्स कोणती घेऊ?"

मी उलट विचारतो, "शूटिंग करताना तू उभा कुठे राहणार आहेस?"

समोरच्याला वाटतं, हा भाव खातोय. पण मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी भाव खात नाही. हा एक प्रश्न समजायला मला तीन श्रावण लागले आणि रोख दीड हजार रुपये गेले. ती गोष्ट एकदाची लिहूनच टाकावी, म्हणजे दारावरच्या थापा तरी कमी होतील, म्हणून हा लेखप्रपंच.

मी चोपड्याचा. जळगावहून निघालं की विदगावजवळ तापीचा पूल लागतो, मग धानोरा, अडावद आणि मग आमचं चोपडा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळी आणि कापूस. जुन्या भागात आमचं धाब्याचं घर आहे. जे खान्देशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, धाब्याचं घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर सागाची सरं आणि त्यावर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात एसीची गरज नाही. पण आमचं माजघर आहे १० फूट बाय १२ फूट, एकच खिडकी, आणि वरची लाकडं धुराने काळी झालेली. उजेड कितीही पाडा, ती लाकडं तो गिळून टाकतात.

याच माजघरात दर श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार हा कानबाईचा. नारळाला नथ, मंगळसूत्र, भरजरी कापड घालून देवी सजवतात, चौरंगावर तिची स्थापना होते, घरात रोट असतात. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेले भाऊबंद त्या दिवशी परत येतात. रात्रभर जागर. बायका अहिराणीत कानबाईची गाणी म्हणतात, फुगड्या खेळतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत चौरंग डोक्यावर घेऊन विसर्जनाला नदीवर जातात. आमच्याकडे गाणी सुरू करते ती माझी आजी. तिला किती गाणी येतात हे कुणालाच माहीत नाही, तिलाही नाही. लिहिलेलं एकही नाही, कारण तिला लिहिता येत नाही. आईला त्यातली निम्मी येतात, आणि ताईला धड दोनही नाहीत. माझ्या पिढीपर्यंत काय उरणार याचं गणित करायला इंजिनीअरिंगला ॲडमिशन घ्यायची गरज नाही.

म्हणून २०२३ च्या श्रावणात ठरवलं, या वर्षी जागर रेकॉर्ड करायचाच. माझा मामेभाऊ लग्नाची शूटिंग करतो. त्याने आपला वापरलेला सोनी झेडव्ही-ई१० कॅमेरा मला वापरायला दिला. सोबत कंपनीकडून येते ती १६-५० एमएमची किट लेन्स. मी तीन तास शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवायला बसलो. पडद्यावर एक समई, तिच्या मागे काळोख, आणि काळोखात मुंग्यांसारखी वळवळ. त्यात भर म्हणून बल्बच्या उजेडाचे आडवे पट्टे वर-खाली सरकत होते. आजी जवळ आली, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आवाज ते मन्हा शे, पन मी कोठे शे?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

हॉस्टेलवर परत आल्यावर चुका शोधायला बसलो. पहिली चूक फुकटात दुरुस्त होणारी होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मी कॅमेरा ठेवला होता ३० फ्रेम आणि १/६० शटरवर. त्यात उजेडाच्या पूर्ण लाटा बसत नाहीत, म्हणून पट्टे. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लाटा बसतात आणि पट्टे गायब! शिवाय या कॅमेऱ्यात ४के ला ३० फ्रेम ठेवलं की चित्र १.२३ पट कापलं जातं, २५ फ्रेमला नाही. म्हणजे मी चुकीच्या सेटिंगमुळे माजघराच्या दोन्ही बाजू स्वतःच्या हाताने छाटल्या होत्या.

दुसरी चूक उजेडाची. लेन्सवर एफ ३.५, एफ १.४ असे आकडे असतात. एफ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास. १६ एमएमला एफ ३.५ असेल तर छिद्र साडेचार एमएमच्या जरासं वर. एफ १.४ असेल तर सव्वाअकरा एमएमच्या वर. हायड्रॉलिक्सच्या भाषेत बोलायचं तर नळ किती मोठा, एवढाच प्रश्न आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून एफ १.४ मधून एफ ३.५ च्या सव्वासहा पट उजेड आत येतो. मी त्या रात्री आयएसओ १२८०० वर होतो. तेच चित्र एफ १.४ वर आयएसओ २००० च्या आसपास मिळालं असतं. त्या वळवळणाऱ्या मुंग्या म्हणजे हाच फरक.

मामेभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "लेन्स बदलायच्या आधी बल्ब बदल. शंभर-दीडशे रुपयांत काम होईल." सल्ला अगदी बरोबर होता, आणि आजही मी सगळ्यांना आधी हेच सांगतो. पुढच्या वर्षी मी माजघरात दोन मोठे एलईडी लावलेसुद्धा. पण झालं काय, पांढराफटक उजेड पडल्याबरोबर बायका पदर सावरून ताठ बसल्या. गाणं म्हणणाऱ्या बायकांचा एकदम ग्रुप फोटो झाला! दहा मिनिटांनी आजीने स्वतः उठून दोन्ही दिवे बंद केले. समई आणि नेहमीचा एक बल्ब राहिला, आणि गाणी पुन्हा रंगली. तेव्हा कळलं, इथे उजेड वाढवणं माझ्या हातात नाही. आहे त्या उजेडात बघायला शिकलं पाहिजे.

अंधारात बघण्याचा हा हट्ट जुनाच आहे. स्टॅन्ले कुब्रिक या दिग्दर्शकाने १९७५ च्या 'बॅरी लिंडन' या सिनेमातले काही प्रसंग नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी त्याने झाइस कंपनीने नासासाठी बनवलेली ५० एमएम, एफ ०.७ ची लेन्स वापरली. गंमत म्हणजे एवढी उजेडाची लेन्स असली की फोकसची खोली अगदी वीतभर राहते. नट जरा पुढे झुकला की चेहरा पुसट. फोकस सांभाळणाऱ्या माणसासाठी बाजूला वेगळा टीव्ही कॅमेरा लावावा लागला होता. कुब्रिककडे फोकसला स्वतंत्र माणूस होता. माझ्याकडे मीच होतो, आणि मलाच मधून मधून चहाचे कपही फिरवायचे होते.

असो. २०२४ ची चूक अजून सांगायची आहे. त्या श्रावणाआधी मी नऊ हजारांत एक जुनी ५० एमएम, एफ १.८ लेन्स घेतली होती. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "पहिली लेन्स म्हणजे ५० एमएमच." फोटोसाठी ती झकास आहे, वादच नाही. पण मी उभा राहणार माजघराच्या दारात. समोरच्या भिंतीशी कानबाई. मधे अंतर ८ फूट. मागे सरकायला गेलो तर थेट गोठ्यात! आता साधे समरूप त्रिकोण मांडा. आपण दहावीत मांडले होते तेच. कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ एमएम रुंद. अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले फोकल लांबी, म्हणजे किती रुंदीचं दृश्य मावणार ते. ८ फुटांवर ५० एमएममध्ये मावतं पावणेचार फूट. मी हे गणित लेन्स घेतल्यानंतर मांडलं! व्हिडिओ स्वच्छ आला, उजेड छान आला, आणि त्यात आली फक्त आजी. तीही गाताना डावीकडे वळली की नुसता कान. आजी म्हणाली, "मन्हा कानच दखाडी राह्यना का तू?"

ती लेन्स मी साडेसात हजारांना विकली. दीड हजार रुपये शिक्षणखर्च धरला. सेमिस्टरच्या फीपेक्षा स्वस्त आणि त्याहून जास्त कामाचा.

आता मात्र कागद-पेन घेऊन बसलो. मला हवं होतं काय? ८ फुटांवरून निदान ११-१२ फूट रुंदी. म्हणजे १६ एमएम किंवा त्याहून कमी. एफ १.८ किंवा त्याहून मोठं छिद्र. आणि बजेट २२ हजार, एक रुपया जास्त नाही.

सर्वांत स्वस्त पर्याय होता हाताने फोकस करायच्या लेन्सचा. १२ एमएम, एफ २ ची सॅमयांग माझ्या रूम पार्टनरच्या मित्राकडे होती. हाताने फोकस म्हणजे फार वाईट असं समजू नका. १२ एमएमला एफ २ वर साधारण साडेतीन मीटरवर फोकस लावून ठेवला की पावणेदोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. यात्रा, मिरवणूक, केळीचा मळा, कॉलेजचं गॅदरिंग... डोळे मिटून घ्या. पण माझ्या माजघरात माणसं पावणेदोन मीटरच्या आतच असतात. फुगडी सुरू झाली की चेहरा कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर येतो आणि परत जातो. सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन बायका सरळ माझ्या अंगावर चालत येतात. १६ एमएम, एफ १.४ ला २ मीटरवर फोकस असेल तर स्पष्ट पट्टा असतो साधारण १.६ ते २.६ मीटरचा. १ मीटरवर असेल तर वीतभरापेक्षा थोडा मोठा. एवढ्याशा पट्ट्यात हलता चेहरा हाताने धरून ठेवणं माझ्या बापजन्मात जमलं नसतं. म्हणून ऑटोफोकस हवाच. चेहरा ओळखणारा, आणि आवाज न करणारा. काही जुन्या लेन्सची मोटर अशी घरघरते की कानबाईच्या गाण्यात पिठाची गिरणी ऐकू येते.

उरल्या दोन. सोनीची ११ एमएम, एफ १.८. ही २०२२ मध्ये आली. वजन १८१ ग्रॅम, आणि ८ फुटांवर १७ फूट रुंदी. चालत चालत शूट करणाऱ्याला सोन्यासारखी, कारण या कॅमेऱ्याच्या बॉडीत सेन्सर स्थिर ठेवायची सोय नाही आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण लावलं की चित्र आणखी कापलं जातं. पण एक म्हणजे माझी खोलीच १२ फुटांची, मग १७ फूट काय करायचे? दुसरं, इतक्या रुंद लेन्समध्ये कडेला बसलेला माणूस ताणला जातो. आमच्या काकूने स्वतःला तसं बघितलं असतं तर मला पुढच्या वर्षी घरात घेतलं नसतं. आणि तिसरं, खिसा. दुसरी, सिग्माची १६ एमएम, एफ १.४. ही २०१७ पासून बाजारात आहे. वजन ४०५ ग्रॅम, म्हणजे वांग्याच्या भरतासाठी घेतो तसं एक मोठं वांगं. ८ फुटांवर पावणेबारा फूट. आणि बरीच वर्षं बाजारात असल्यामुळे जुनी मिळण्याची शक्यता जास्त. गणित जुळलं.

पैशांचं गणित असं. जुन्या लेन्सचे साडेसात हजार. एका गॅदरिंगच्या व्हिडिओचे आणि दोन वाढदिवसांचे मिळून आठ हजार. साडेसहा कमी पडत होते. आईने भिशीतून काढून दिले. अप्पांना ते कळल्यावर त्यांनी लेन्सचा फोटो बघितला आणि म्हणाले, "एवढासा काचले इतला पैसा? इतलामा ते ठिबकन्या नळ्या ई जातीन." खरंच आल्या असत्या. मी काही बोललो नाही. घरातला पैसा कॅमेऱ्याकडे वळवताना प्रत्येकाला हे ऐकावंच लागतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्यांच्या घरी काय वातावरण असेल! आणि आपल्या शेजारच्या मालेगावात नासिर शेख आणि मंडळींनी हौसेवर सिनेमे काढले. ट्रॉली नाही म्हणून सायकल, क्रेन नाही म्हणून बैलगाडी. २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे सगळं बघायला मिळतं. तो माहितीपट आमच्या रूमवर चार वेळा पाहून झालाय. त्यांच्या तुलनेत माझ्याकडे ऐषआरामच होता.

लेन्स मिळाली धुळ्याच्या एका फोटोग्राफरकडे. तो मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याकडे वळला होता, म्हणून विकत होता. जुनी लेन्स घेणाऱ्यांनी एवढं करा. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून दुसरीकडून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी समजा आणि नमस्कार करून निघा. बारीक धूळ चालेल. भिंतीवर पेपर चिकटवून पूर्ण उघड्या छिद्रावर एक फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता येतात का बघा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. बॉडीवर बसवून हलकेच हलवा, खडखड वाजायला नको. स्वतःचा कॅमेरा नेऊन पाच मिनिटं व्हिडिओ घ्या, जवळ या, लांब जा, आणि हेडफोन लावून ऐका. मी हे सगळं करत होतो तेव्हा तो फोटोग्राफर म्हणाला, "भाऊ, मुलगी बघायला आलास की लेन्स?" आणि घ्यायची खात्री नसेल तर एक दिवस भाड्याने आणून आपल्या खऱ्या जागेत वापरून बघा. मी २०२४ मध्ये एवढं केलं असतं तर हा लेख निम्माच झाला असता.

२०२५ चा श्रावण. कॅमेरा माजघराच्या दारात स्टूलवर ठेवला. २५ फ्रेम, १/५० शटर, एफ १.४. ऑटोफोकस किती वेगाने सरकावा ही सेटिंग थोडी मंद ठेवली, नाहीतर मधून आरतीचं ताट गेलं की फोकस ताटामागे धावतो. आणि मग मी कॅमेऱ्यामागून उठून खरोखरच चहा वाटायला गेलो.

मंगळवारी रात्री हॉस्टेलवर येऊन ते फुटेज पाहिलं आणि मला जे दिसलं ते मी तीन वर्षं समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. आजी मधोमध. तिच्या डावीकडे, अगदी भिंतीला टेकून, तिची धाकटी जाऊ. आम्ही तिला धाकली आजी म्हणतो. ती फारशी बोलत नाही, आवाजही बारीक. पण दर कडव्याच्या आधी आजी मान डावीकडे वळवते, धाकली आजी ओठांत काहीतरी पुटपुटते, आणि मग आजी खड्या आवाजात पुढची ओळ उचलते. प्रत्येक कडव्याला! आवाज आजीचा, पण पुढची ओळ लक्षात आहे ती धाकल्या आजीच्या. आधीच्या वर्षी मला आजीचा नुसता कान का मिळत होता तेही तेव्हा कळलं. ती ओळ घ्यायला वळत होती, आणि ओळ देणारी बाई माझ्या पावणेचार फुटांच्या बाहेर बसली होती.

मी दिवाळीत घरी गेलो तेव्हा दोघींना शेजारी बसवून व्हिडिओ दाखवला. धाकली आजी पदर तोंडाला लावून हसत राहिली. आजीने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हां, आते दोन्ही जनी शेतस."

अप्पा मागे उभे राहून बघत होते. ठिबकच्या नळ्यांचा विषय निघाला नाही. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

सुटीतली उरलेली दुपार मी वही घेऊन धाकल्या आजीजवळ बसलो. व्हिडिओ थांबवायचा, ती ओळ सांगायची, मी लिहायचं. अकरा गाणी झाली. ती म्हणते अजून बरीच आहेत, पण ती आजी गायला लागल्याशिवाय आठवत नाहीत. म्हणजे पुढच्या श्रावणात पुन्हा स्टूल, पुन्हा दार, पुन्हा ८ फूट.

तेव्हा मित्रांनो, लेन्स कोणती घ्यावी हे विचारायला जरूर या. पण येण्याआधी तुमच्या जागेवर जाऊन उभे राहा, पावलांनी अंतर मोजा, दिवे किती आहेत बघा, आणि कडेला कोण बसतं तेही बघून ठेवा. उरलेलं गणित दहावीचं आहे, ते आपण मिळून करू.

इस्त्री मात्र रात्री दहानंतर मिळणार नाही.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी